दहा नंबरची गोटी

तिने ट्रॉलीचा दुसरा कप्पा ओढला, रिंग पाना त्याच्या जागी ठेवायला हात पुढे केला, आणि हात तसाच अधांतरी राहिला. कप्प्यातल्या काळ्या फोममध्ये प्रत्येक अवजाराच्या आकाराचा खळगा कोरलेला होता, आणि खळग्याचा तळ पिवळा होता. अवजार जागेवर असलं की पिवळं दिसत नाही. तिसऱ्या रांगेत, नऊ आणि अकराच्या मध्ये, पिवळं दिसत होतं.

दहा नंबरची गोटी नव्हती.

गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी पोलादी नळी, अंगठ्याच्या पेराएवढी. मोटारींच्या गॅरेजात ती हरवली तर कारागीर एक शिवी हासडतो आणि दुसरी घेतो. पण हे हेलिकॉप्टरचं हँगर होतं. इथे वस्तू हरवली असं म्हणून चालत नाही, ती कुठेतरी पडलेली असते. आणि आज सकाळी तिने कोपरापर्यंत हात घातला होता तो एकाच ठिकाणी, सामान वाहणाऱ्या ‘खेचर’ हेलिकॉप्टरच्या शेपटीत. खेचर उडून पन्नास मिनिटं झाली होती.

आधी अंगावरचे खिसे चाचपले, सगळे सहा. मग ट्रॉलीखाली वाकून पाहिलं, चिंध्यांचा डबा उपडा केला, सांडपाण्याच्या चरावरची जाळी उचलून आत हात घातला. शिडीच्या पायऱ्या पुसून पाहिल्या, जणू गोटी पायरीला चिकटून बसणार होती. मग पुन्हा खिसे. माणूस घाबरला की त्याच खिशात चौथ्यांदा हात घालतो, आणि चौथ्यांदाही तो रिकामाच असतो.

सकाळी दहाची गोटी वापरली होती की रिंग पानाच वापरला होता, तिला काही केल्या आठवेना. ट्रॉली उघडताना मोजलं नव्हतं, हे मात्र पक्कं आठवत होतं. साडेदहाला यंत्र तयार पाहिजे म्हणून वरून घाई होती. बंद करताना मोजलं का? टॅबलेटवर हिरवं बटण येतं, ‘अवजारे पूर्ण’. ते रोज त्याच जागी येतं आणि अंगठा रोज आपला आपण तिथे जातो. आज अंगठा गेला तेव्हा कानाला फोन होता. नवरा विचारत होता, माझा चष्मा कुठे ठेवलास. त्याच्या नाकावरच होता.

तीस वर्षं तोही याच हँगरात मेकॅनिक होता. गुडघे गेले तसा घरी बसला, आता वॉकर धरून चालतो. त्या वॉकरचा एखादा पाय डुगडुगायला लागला तर तेवढी दुरुस्तीही बायकोकडेच येते. मोजल्याशिवाय झाकण लावू नये हे तिला त्यानेच शिकवलं होतं. आता आधी त्याचाच राग आला, मग स्वतःचा, आणि स्वतःचा आलेला जाईना.

हँगरात झाडूवाल्यापासून मेजरसाहेबांपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. ही तिच्या धाकट्या दिराची कृपा. दीर तेव्हा पायलट होता. ती कामावर रुजू झाली त्या पहिल्याच दिवशी त्याने हँगरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक मारली होती, ‘वहिनी, डबा एकच आणलास की माझाही?’ त्या दिवसापासून ती अख्ख्या तळाची वहिनी झाली. ज्यांची मुलं तिच्याएवढी होती तेही म्हणायला लागले.

त्या वेळी हेलिकॉप्टरात माणूस बसायचा, आणि ज्याला बसायचं असतं तो डोळ्यांत तेल घालून बघतो. भावोजी उड्डाणाआधी ट्रॉलीपाशी यायचे आणि एकेका खळग्यावर बोट ठेवायचे. पाने, गोट्या, आरसा, सगळं. मग एकच प्रश्न. ‘वहिनी, बसशील का?’ ती हँगरातली जुनी चाल होती. ज्याने यंत्र उघडलं त्याने पहिल्या फेरीत आत बसायचं, असा पूर्वी दंडकच होता म्हणे. पुढे बसणं सुटलं, विचारणं राहिलं. मेकॅनिकने ‘ठीक आहे’ म्हटलं तर पायलट जागचा हलायचा नाही. ‘बसेन’ म्हटलं की निघायचा. ठीक आहे म्हणायला काय, कोणीही म्हणतं.

खेचराला पायलट नव्हता. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आणि आकडा होता, पण डोंगरातल्या चौक्यांवर ओझी वाहायचं काम, म्हणून सगळे खेचरच म्हणत. पोटात सामानाची जाळी, डोक्यावर पंखे, आणि पुढे जिथे माणसाने बसायचं तिथे नुसतं गुळगुळीत नाक. दोन आठवडे समोरून खिंडीत मारा चालू होता, त्यामुळे माणसांची हेलिकॉप्टरं बंद होती आणि खेचर दिवसाला दोन खेपा करत होतं. पडलं तर लोखंड पडेल, असं साहेब म्हणायचे. भावोजी आता एका कंटेनरमध्ये पडद्यासमोर बसून त्याच्यावर नजर ठेवत. आणि ज्यात बसायला जागाच नाही त्यात बसशील का, हे कोण कुणाला विचारणार? सहा वर्षांत तो प्रश्न हँगरात कुणी उच्चारला नव्हता.

आज खेपेत बॅटऱ्या होत्या, रॉकेल होतं, औषधं होती. यंत्र वर पोचलं असेल तर बरं. ते वरच थांबवायचं, दोन दिवसांनी मारा थांबला की कुणीतरी जाऊन उघडून बघेल. तिची बदली होईल, फार तर घरी बसवतील. बसवू देत, असं स्वतःशी म्हणत तिने हात पुसले आणि ती कंटेनरकडे निघाली. मैदान ओलांडताना तिने आणखी एकदा खिसे चाचपले.

कंटेनरचं दार उघडलं तसं आतलं बोलणं अर्ध्यावर थांबलं नाही. एरवी थांबायचं. मेजरसाहेब उभे होते, दोन्ही हात टेबलावर टेकवून. भावोजी पडद्यासमोर. भिंतीवरच्या स्पीकरमधून चौकीवरच्या डॉक्टरचा आवाज येत होता, पोरसवदा मुलीचा, पण एकेक शब्द मोजून टाकणारा.

“जवानाच्या पोटात तोफगोळ्याचा तुकडा गेलाय. सकाळपासून मी जे करता येईल ते केलं. इथे ठेवला तर संध्याकाळ बघणार नाही. तुमचं यंत्र माझ्यासमोर रिकामं उभं आहे, सर.”

“त्यात माणूस घालायची परवानगी नाही,” साहेब म्हणाले.

“माहीत आहे.”

साहेबांनी डोळे मिटले, उघडले. “परवानगीचं माझ्या डोक्यावर. नियम मी मोडतो. दोनला ढग उतरतील, त्याच्या आत यायला हवं.” मग भावोजींकडे वळले. “मला एकच सांग. यंत्र ठीक आहे ना?”

“आकडे सगळे हिरवे आहेत, साहेब.” भावोजींनी मान वळवली. “आणि ही बघा, वहिनीच आली. तिलाच विचारा.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. चांगला माणूस, दोन रात्री झोपला नव्हता हे दिसत होतं. “वहिनी, यंत्र ठीक आहे ना?”

ठीक आहे, एवढं म्हटलं की झालं होतं. गोटी तिथे नसेलही. असली तरी कोपऱ्यात गप पडून राहील. एक खेप वर गेलीच की सुखरूप. आणि सांगितलं तर? यंत्र जागच्या जागी थांबणार, आणि तो कुणाचा कोण पोरगा वर दगडांत संध्याकाळची वाट बघत मरणार, तिच्या एका वाक्यामुळे. कशाला हात दाखवून अवलक्षण. हे सगळं तिच्या मनात आलं, आणि आलं याची तिला लाज वाटली, आणि तरीही तोंड उघडेना.

“साहेब,” ती म्हणाली, “माझी एक गोटी मिळत नाहीये.”

भावोजींना कळलं, त्यांचा चेहराच उतरला. साहेबांना कळायला एक क्षण लागला.

“कुठे असेल?”

“सकाळी शेपटीचं झाकण उघडलं होतं. शेपटीचा पंखा फिरवणारा दांडा आहे आत. तिथे असेल. नसेलही. मी मोजलं नाही.”

“असली तर?”

“काही होणार नाही, नाहीतर दांडा अडकेल.”

“अडकला तर?”

भावोजींनी उत्तर दिलं, पडद्याकडे बघत. “भोवऱ्यासारखं फिरत खाली येईल, साहेब.”

स्पीकरमधून डॉक्टरचा श्वास ऐकू येत होता. तिनेही सगळं ऐकलं होतं.

“झाकण इथे उघडता येईल का?” डॉक्टरने विचारलं. “मेकॅनिक नाही माझ्याकडे. आचारी आहे. स्टोव्ह, जनरेटर, दाराच्या बिजागऱ्या, सगळं तोच बघतो.”

“बोलवा त्याला,” वहिनी म्हणाली. साहेबांना विचारायचं राहूनच गेलं.

आचारी धापा टाकत आला. आवाजावरून चाळिशीचा असावा, आणि बोलताना नाक वाजत होतं. तिथली थंडीच तशी.

“बोला वहिनी.” डॉक्टरने सांगितलं असावं, तोही लगेच वहिनीच म्हणाला.

“दादा, यंत्राची शेपटी आहे ना, तिच्या डाव्या अंगाला एक झाकण आहे. दोन तळहातांएवढं. आठ बोल्ट. दिसलं?”

“दिसलं.”

“पाने आहेत तुमच्याकडे?”

“पाने कुठले हो. पक्कड आहे स्टोव्हची. तिच्यावर अख्खी चौकी चालते.”

“चालेल. हळूहळू काढा. बोल्ट खाली टाकू नका, खिशात ठेवा. आणि मोजा.”

मिनिटं जाऊ लागली. स्पीकरमधून वारा आणि मधूनच लोखंडाचा कर्र आवाज. एक निघाला. दुसरा. पाचव्याला त्याची पक्कड सटकली आणि तो पुटपुटला ते सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी ऐकलं नाहीसं केलं. सहा निघाले. उरलेल्या दोघांची डोकी झिजली, ते हलेनात.

“राहू देत ते दोन,” ती म्हणाली. “पत्रा बाहेर ओढा. हात जाईल एवढा.”

“ओढला. थांबा, हात मोकळा करतो. हं. घातला.”

“काय लागतंय?”

“दांडा. गार आहे. मनगटाएवढा जाड.”

“त्याच्या मागे जा. खाली वळण आहे, तिथे सुटी वस्तू घरंगळत जाते. बोटं पोचतात?”

तिचा स्वतःचा हात हवेत वर झाला होता, बोटं वाकवून ती समोरच्या रिकाम्या जागेत चाचपत होती. भावोजी त्या हाताकडे बघत होते.

“दोन बोटं पोचतात, वहिनी. काही नाही तिथे.”

“अंगठ्याच्या पेराएवढं काही. गुळगुळीत.”

“बोटांना कळत नाहीये फार. पण नाही. वायरी आहेत. सुटं काही नाही.”

“पुन्हा एकदा बघा.”

तो पुन्हा बघू लागला. तेवढ्यात डॉक्टर मध्ये बोलली, आणि आता तिच्या आवाजात घाई होती. “सर, रक्तदाब पडतोय. आणायला लागू का त्याला? हो की नाही?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग वहिनीकडे. दोन बोटांनी, तीही गारठलेली, चाचपून मिळालेलं ‘नाही’ हे नाहीच असतं असं नाही. हे तिला जेवढं कळत होतं तेवढं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं.

भावोजींनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खुर्ची तिच्याकडे वळवली.

“वहिनी,” ते म्हणाले, “बसशील का?”

तिने शेपटीतली ती सगळी पोकळी एकदा मनातल्या मनात फिरून पाहिली, झाकणापासून वळणापर्यंत.

“बसेन,” ती म्हणाली. “जीव मुठीत धरून बसेन. पण बसेन.”

भावोजींनी हेडफोन परत कानावर चढवला. साहेब स्पीकरकडे वळले. “आणा त्याला.”

वर धावपळ सुरू झाली. स्ट्रेचर आणा, जाळी उचला, इकडून धरा. त्या गलक्यात तिने माइक ओढून घेतला.

“दादा, झाकण लावलं?”

“लावतोय. हातानेच आवळतोय, वहिनी, इकडे मला उचलायला बोलावतायत. सहाच्या सहा बसले.”

“शाब्बास,” ती म्हणाली. “आता लांब व्हा.”

परतीची वाट अडतीस मिनिटांची होती. पडद्यावर एक हिरवा ठिपका आणि बाजूला आकड्यांच्या दोन रांगा. ती भावोजींच्या पाठीमागे उभी राहिली. खुर्ची होती, पण बसवेना. तिला ठिपका बघायचा नव्हता आणि दुसरीकडेही बघता येत नव्हतं.

फोन वाजला. नवरा. तिने बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. आता काय, औषधं सापडत नसतील. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा साहेबांनी पाहिलं, आणि तिने आवाजच मारून टाकला.

“खिंड आली,” भावोजी म्हणाले.

नाक सरळ ठेवून खेचर खिंडीत शिरलं, आणि मध्यावर शेपटी एकदम उजवीकडे फेकली गेली. शेपटीच्या दांड्याचा आकडा लाल झाला. भावोजींचे हात कळफलकावर गेले, पण करण्यासारखं काही नव्हतं. यंत्र आपलं आपण सावरतं, नाहीतर सावरत नाही. एक सेकंद. दोन. तिने भावोजींच्या खुर्चीची पाठ धरली. मग आकडा हिरवा झाला, ठिपका सरळ रेषेत आला आणि पुढे सरकू लागला.

“वारा,” भावोजी म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता पुन्हा म्हणाले, “वारा असतो तिथे.”

“हं,” ती म्हणाली. वाऱ्याने दांडा अडकत नाही. ती गोटी तिला आता दिसायला लागली होती, नऊ आणि अकराच्या मधली, दांड्याला टेकून उभी. उरलेली सतरा मिनिटं ती मनातल्या मनात एकाच जागी हात घालत राहिली.

पावणेदोनला खेचर उतरलं. रुग्णवाहिका आधीच मैदानात येऊन थांबली होती. जाळीच्या पट्ट्या सोडवून स्ट्रेचर बाहेर काढलं. पोरगा शुद्धीत होता, राखेच्या रंगाचा, ओठ हलत होते. नेताना त्याने मोठ्या कष्टाने मान वळवून यंत्राच्या पुढच्या भागाकडे पाहिलं, कुणाला तरी शोधत असल्यासारखं. तिथे नुसतं गुळगुळीत नाक होतं. भावोजी कंटेनरच्या दारात उभे होते. त्यांनी हात वर केला, पण पोराचं तिकडे लक्ष नव्हतं.

पंखे थांबायची तिने कशीबशी वाट पाहिली. शिडी लावली. आचाऱ्याने हाताने आवळलेले सहा बोल्ट जरासे ढिले झाले होते, चटकन निघाले. उरलेले दोन तिने छिन्नीने उडवले. झाकण खाली ठेवलं, बॅटरी दातांत धरली आणि हात आत घातला.

वळणाशी काही नव्हतं. खरंच नव्हतं. तिने तिन्ही बाजूंनी बोट फिरवलं. आणि मग हात काढून घेताना, अलीकडेच, दांडा आणि चौकटीच्या फटीत, बोटांना कापड लागलं.

लाल चिंधी गुंडाळलेली मूठ. ओढली तर आली नाही, अडकली होती. वाकडी करून ओढली तेव्हा निघाली. पक्कड होती. जुनी, जबड्याला काजळी, चिंधीला रॉकेलचा वास. तिने बॅटरीचा झोत आत टाकला. दांड्यावर नखाएवढा एक ओरखडा होता, ताजा, चकचकीत.

ती शिडीच्या वरच्या पायरीवर बसली. आचाऱ्याने पक्कड आतच टेकवली होती. थांबा, हात मोकळा करतो, असं तो म्हणाला होता. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बोल्ट मोजा म्हणून सांगितलं. हातात काय आहे ते मोजा म्हणून सांगितलं नाही. बावीस वर्षं जी बाई मोजण्याचा पगार घेत होती, तिच्या तोंडून ते एक वाक्य निघालं नव्हतं. वर शाब्बास म्हणाली होती.

खिशातला फोन थरथरत होता. तिने घेतला.

“अगं, किती फोन करायचे माणसाने,” नवरा म्हणाला. “काल वॉकरचा पाय आवळलास ना, ती तुझी गोटी इथेच टेबलाखाली पडलीय. दहाची. पायाखाली आली म्हणून कळलं, पडलोच असतो. म्हटलं तुला तिकडे लागत असेल.”

तिने पक्कड मांडीवर ठेवली.

“ऐकतेयस ना? अवजार बाहेर न्यायचं नसतं हे मी शिकवायचं आता तुला? काखेत कळसा.”

“हो,” ती म्हणाली. “ठेवा तिथेच टेबलावर.”

“जेवलीस का?”

“नाही अजून.”

भावोजी मैदान ओलांडून आले. चेहऱ्यावर हसू होतं, सकाळपासून पहिल्यांदा. “वाचला गं पोरगा. इथले डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. तुझी गोटी मिळाली का?”

“घरी आहे. ह्यांच्या वॉकरपाशी.”

भावोजी हसले, अगदी पोट धरून. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. त्यांनी पक्कड घेतली, उलटसुलट केली, नाकाशी नेली.

“म्हणजे मघाशी खिंडीत...”

तिने मान हलवली.

“म्हणजे शोधायला लावलं नसतं तर काहीच...”

“काहीच नव्हतं. बरं चाललेलं यंत्र मी उघडायला लावलं, आणि ही आत गेली.”

भावोजींनी मागे वळून कंटेनरकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “वहिनी, माणूस वाचला. यंत्र आलं. हे आता तुझ्या-माझ्यात राहिलं तर कुणाचं काय जातंय?”

तिने पक्कड परत घेतली. दोघं कंटेनरकडे चालू लागले.

आत साहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते, टोपी मांडीवर. स्पीकर चालूच होता, आणि पलीकडून कुणीतरी मघापासून हाका मारत असावं.

“वहिनी आल्या का? मी आचारी बोलतोय वरून.”

“बोला दादा.”

“पोचला का हो आमचा माणूस?”

“पोचला. वाचलाय.”

तो पाठीमागच्या लोकांना ओरडून सांगू लागला, आणि पलीकडे जो काही गोंधळ झाला तो थांबायला वेळ लागला. साहेब पापण्या मिटून ऐकत राहिले.

“वहिनी, अजून एक,” आचारी म्हणाला. आता आवाज जरा ओशाळा होता. “बारीकसं काम आहे. माझी पक्कड सापडत नाहीये. सगळीकडे बघितलं. स्टोव्हची चावी तुटलेली आहे, तिच्याशिवाय पेटत नाही, आणि पंधरा माणसं सकाळपासून उपाशी आहेत. तिकडे आली नाही ना चुकून?”

पक्कड तिच्या हातातच होती. भावोजी तिच्याकडे बघत होते. साहेबांनी डोळे उघडले.

“आली आहे, दादा,” ती म्हणाली. “पोटातल्या जाळीत अडकून आली. उद्याच्या पहिल्या खेपेला पाठवते. आज डब्यातलंच काहीतरी खा.”

“चालतंय की. हरवली म्हणून जीव खालीवर होत होता.”

“माझाही होतो,” ती म्हणाली.

स्पीकर बंद झाला. साहेब सरळ बसले, टोपी डोक्यावर ठेवली. “जाळीत होती का?” त्यांनी विचारलं. सहजच विचारलं, उठता उठता.

तिने पक्कड त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“नाही, साहेब. जाळी फक्त त्याच्यापुरती. ही शेपटीत होती.”

मग तिने खुर्ची ओढली, टॅबलेट जवळ घेतला आणि ‘अवजारे पूर्ण’ लिहिलेलं सकाळचं पान दुरुस्त करायला उघडलं.